नेपच्यूनच्या पलीकडचे बटुग्रह, आणि त्यांच्या कक्षा काय सांगतात

प्लूटो ग्रह आहे की नाही हा विषय निघाला की लोक अजूनही तावातावाने बोलतात, लहानपणी नऊ ग्रह पाठ केलेले असतात ना, त्यातला एक वजा झाला हे मनाला पटत नाही. ते समजण्यासारखं आहे. पण त्या वादात एक फार मोठी गोष्ट कायम बाजूला पडते. प्लूटो आणि त्याच्यासारखे बाकीचे बटुग्रह सूर्याभोवती ज्या वाटांनी फिरतात त्या वाटा विचित्र आहेत, तिरक्या, ताणलेल्या, आणि त्या तशा का झाल्या हे शोधायला गेलं की कळतं की आपली सूर्यमाला सुरुवातीला अशी नव्हतीच, नेपच्यूनसारखा अवाढव्य ग्रह आज आहे तिथे जन्मलाच नाही, तो सरकत सरकत तिथे पोचला. आणि हे आपल्याला कळलं ते ह्या छोट्या बर्फाळ गोळ्यांमुळे.

आधी अंतरांचा अंदाज घेऊ, तो नसेल तर पुढचं नीट बसत नाही. पृथ्वी ते सूर्य साधारण १५ कोटी किलोमीटर, ह्याला खगोलीय एकक म्हणतात, पुढे मी नुसतं एकक लिहितो. नेपच्यून ३० एककांवर आहे. प्लूटो सरासरी साडेएकोणचाळीस, पण कधी तो ३० च्या जरा आत येतो आणि कधी ४९ च्या पुढे जातो. एरिस नावाचा दुसरा बटुग्रह ३८ पासून जवळपास ९८ पर्यंत हेलकावे घेतो. सेडना नावाचा आणखी एक गोळा तर ७६ च्या आत कधी येतच नाही आणि लांब जायला लागला की ९०० च्याही पलीकडे, एका फेरीला ११ हजार वर्षांच्या आसपास. सूर्याचा उजेड आपल्याकडे ८ मिनिटांत पोचतो, प्लूटोपर्यंत जायला त्याला सरासरी साडेपाच तास लागतात.

आता हे सगळे गोळे इतक्या उशिरा का सापडले ते बघा. त्यांना स्वतःचा उजेड नाही, सूर्याचा उजेड त्यांच्यावर पडतो आणि परत आपल्याकडे येतो. अंतर दुप्पट झालं की तिथे पोचणारा उजेड चौथा हिस्सा राहतो, आणि तिथून आपल्याकडे परत येताना तो पुन्हा चौथा हिस्सा होतो, म्हणजे तोच गोळा दुप्पट लांब नेला की आपल्याला सोळा पट अंधुक दिसणार. तिप्पट लांब नेला की एक्याऐंशी पट. हा हिशोब लक्षात ठेवा, सेडनाच्या वेळी परत लागणार आहे.

प्लूटो सापडला १८ फेब्रुवारी १९३० ला, अमेरिकेत ॲरिझोनातल्या लोवेल वेधशाळेत, क्लाइड टॉम्बॉ नावाच्या चोवीस वर्षांच्या पोराने शोधला. पद्धत अशी, की आकाशाच्या त्याच तुकड्याचे काही दिवसांच्या अंतराने दोन फोटो काढायचे आणि मशीनवर ते आलटून पालटून बघायचे, तारे जागेवर राहतात आणि जे हलतं ते आपल्या सूर्यमालेतलं. हजारो लाखो ठिपक्यांमधून एक हललेला ठिपका शोधायचा, ते पण डोळ्यांनी. त्याने २३ आणि २९ जानेवारीच्या प्लेट्सवर तो पकडला. माझ्या मते खगोलशास्त्रातलं हे सगळ्यात चिकाटीचं काम असेल.

ही वेधशाळा उभारणाऱ्या पर्सिव्हल लोवेलला मुळात एक मोठा ग्रह हवा होता, कारण युरेनसच्या चालीत थोडा फरक दिसत होता आणि तो फरक नेपच्यूनच्या पलीकडचा कुणीतरी पाडतोय असा त्याचा हिशोब होता. प्लूटो अंदाजाच्या जवळपासच सापडला म्हणून सगळ्यांना वाटलं हाच तो. पण जसजसं मोजमाप सुधारत गेलं तसतसं प्लूटोचं वस्तुमान कमी कमी होत गेलं. १९७८ साली जेम्स क्रिस्टीला प्लूटोच्या फोटोंमध्ये एका बाजूला फुगवटा दिसला, तो फुगवटा ६.४ दिवसांनी परत त्याच जागी यायचा, तो निघाला चंद्र, शॅरन. चंद्र मिळाला की काम सोपं होतं, तो किती अंतरावरून किती वेळात फिरतो हे कळलं की दोघांचं मिळून वस्तुमान निघतं. ते निघालं आणि कळलं की प्लूटो आपल्या चंद्राच्याही साधारण सहाव्या हिश्श्याइतकाच आहे. एवढासा गोळा युरेनसला हलवू शकत नाही. मग युरेनसच्या चालीतला तो फरक? व्हॉयेजर २ यान १९८९ साली नेपच्यूनजवळून गेलं, त्यातून नेपच्यूनचं वस्तुमान नीट कळलं, ते आकडे घालून गणित परत केल्यावर फरक उरलाच नाही. म्हणजे प्लूटो त्या जागी सापडला हा निव्वळ योगायोग होता.

पुढची बासष्ट वर्षं प्लूटो आणि शॅरन सोडून तिथे दुसरं काही सापडलं नाही. डेव्हिड ज्युइट आणि जेन लू ह्या दोघांनी हवाईमधल्या मौना केआवरून कित्येक वर्षं शोध घेतला, शेवटी ऑगस्ट १९९२ मध्ये त्यांना ४० हून जास्त एककांवर एक अंधुक ठिपका सापडला, आता त्याचं नाव अल्बियन आहे. त्यानंतर मात्र रांगच लागली. नेपच्यूनच्या कक्षेपासून साधारण ५० एककांपर्यंत पसरलेला हा जो बर्फाळ गोळ्यांचा पट्टा आहे त्याला कायपर पट्टा म्हणतात, आणि प्लूटो त्यातलाच एक आहे हे तेव्हा कळलं. २००२ मध्ये क्वावार, २००३ मध्ये सेडना, मग हाउमिया आणि माकेमाके, आणि ह्याच सुमारास, २००५ च्या जानेवारीत, माइक ब्राउन, चॅड त्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ ह्यांनी २००३ सालच्या फोटोंमधून एरिस शोधून काढला. एरिस प्लूटोपेक्षा मोठा असावा असं तेव्हा वाटलं. आज आपल्याला माहीत आहे की व्यासात प्लूटो किंचित पुढे आहे, २३७७ किलोमीटर, एरिस २३२६, पण वस्तुमानात एरिस प्लूटोपेक्षा २७ टक्के जास्त. त्याच्या पोटात खडक जास्त असणार.

आता प्रश्न उभाच राहिला. प्लूटो ग्रह असेल तर एरिस का नाही, आणि एरिस घेतला तर पुढच्याला कुठे थांबवायचं. २४ ऑगस्ट २००६ ला प्राग शहरात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने मतदान करून व्याख्या ठरवली. सूर्याभोवती फिरायला हवं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल व्हायला हवं, आणि आपल्या कक्षेचा परिसर साफ केलेला हवा. तिन्ही जमलं तर ग्रह. पहिली दोन जमली, तिसरी नाही, आणि तो कुणाचा चंद्रही नाही, तर बटुग्रह.

तिसऱ्या अटीवर लोक खूप चिडतात, आणि मला वाटतं त्याचं कारण तिचे शब्द आहेत, आशय बरोबर आहे. साफ केलेला परिसर म्हटलं की वाटतं एक खडासुद्धा नको, मग लगेच कुणीतरी म्हणतं की नेपच्यूनच्या कक्षेत तर प्लूटोच येतो, म्हणजे नेपच्यूनने पण साफ नाही केलं! पण इथे प्रश्न हुकूम कुणाचा चालतो हा आहे. पृथ्वीचं वस्तुमान आणि पृथ्वीच्या वाटेवर येणाऱ्या बाकी सगळ्या खड्या-दगडांचं मिळून वस्तुमान ह्यांची तुलना केली तर पृथ्वी साधारण १७ लाख पट जड निघते. प्लूटोसाठी हाच हिशोब केला तर तो त्याच्या शेजारच्या मालमसाल्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही भरत नाही. मधे कुठेतरी असणारं कुणी नाहीच, दरी इतकी मोठी आहे की रेघ कुठेही ओढा, आठ एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला पडतात. आणि नेपच्यून-प्लूटोचं म्हणाल तर तिथेच खरी गंमत आहे.

नेपच्यूनला सूर्याभोवती फिरायला १६५ वर्षं लागतात, प्लूटोला २४८. म्हणजे नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लूटोच्या बरोबर दोन. हे साधारण जुळतंय असं नाही, हे कायमचं बांधलेलं आहे, थोडं पुढे-मागे झालं की नेपच्यूनचं गुरुत्वाकर्षण प्लूटोला परत ठरलेल्या तालावर आणतं. ह्याला अनुनाद म्हणतात. १९७९ ते १९९९ ह्या काळात प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता, तरी टक्कर व्हायची भीती शून्य, कारण प्लूटो जेव्हा जेव्हा सूर्याच्या सगळ्यात जवळ येतो तेव्हा नेपच्यून त्याच्यापासून जवळपास पाव वर्तुळ पुढे किंवा मागे असतो, आणि त्या वेळी प्लूटो ग्रहांच्या पातळीच्या बराच वर पण असतो, त्याची कक्षा १७ अंशांनी तिरकी आहे म्हणून. दोघे एकमेकांच्या १७ एककांच्या आत कधी येत नाहीत. युरेनसच्या मात्र प्लूटो ११ एककांपर्यंत जवळ जाऊ शकतो! म्हणजे ज्याची कक्षा प्लूटो ओलांडतो तो नेपच्यून त्याच्यापासून जास्त लांब राहतो, आणि ज्याची ओलांडत नाही तो युरेनस जवळ येतो. नेपच्यूनचा हुकूम प्लूटोवर चालतो तो असा.

पण हा ताल बसला कसा? इथे खगोलशास्त्रज्ञ रेणू मल्होत्रा ह्यांचं नाव घ्यायलाच हवं. १९९३ साली त्यांनी मांडलं की प्लूटो सुरुवातीला साध्या, जवळपास गोल कक्षेत फिरत होता, नेपच्यून तेव्हा सूर्याच्या बराच जवळ होता आणि हळूहळू बाहेर सरकत होता, त्याच्या पुढे पुढे त्या तीनास दोन तालाची जागा पण बाहेर सरकत होती, आणि त्या सरकत्या जागेने वाटेत प्लूटोला पकडलं आणि आपल्याबरोबर बाहेर ढकलत नेलं. असं ढकललं जाताना कक्षा लांबट होत जाते. प्लूटोची कक्षा आज किती लांबट आहे ते आपल्याला माहीत आहे, त्यावरून उलटं गणित करता येतं, आणि उत्तर येतं की नेपच्यून किमान ५ एकक बाहेर सरकला असणार. म्हणजे ७५ कोटी किलोमीटर. मला ही मांडणी फार आवडते, एका छोट्या गोळ्याची कक्षा किती ताणलेली आहे एवढ्यावरून एका महाकाय ग्रहाचा प्रवास मोजलाय, आणि कायपर पट्टा तेव्हा नुकता कुठे दिसायला लागला होता.

शिवाय ही कल्पना तपासता येण्यासारखी होती. सरकत्या तालाने प्लूटोला पकडलं असेल तर बाकीच्या पुष्कळांनाही पकडलं असणार, तर शोधा, तीनास दोनच्या तालात आणखी गोळे सापडायला हवेत. आणि सापडले, शेकड्याने सापडले, त्यांना प्लुटिनो म्हणतात. २००४ मध्ये सापडलेला ऑर्कस त्यातलाच, साधारण ९०० किलोमीटर व्यासाचा, त्याची फेरी पण प्लूटोइतकीच, फक्त प्लूटो सूर्याजवळ असतो तेव्हा ऑर्कस लांब असतो आणि उलट.

एवढा मोठा ग्रह सरकतो कसा, असं कुणालाही वाटेल. हूलियो फर्नांदेझ आणि विंग-हुएन इप ह्या दोघांनी १९८४ मध्येच ह्याचं कारण दाखवलं होतं. सुरुवातीला नेपच्यूनच्या आसपास बर्फाळ गोळ्यांचा प्रचंड साठा होता. जवळून जाणाऱ्या प्रत्येक गोळ्याला नेपच्यून आत किंवा बाहेर फेकतो, आणि फेकताना त्याला स्वतःला उलट्या दिशेला अगदी नगण्य धक्का बसतो. बाहेर फेकलेले बरेचसे फिरून परत येतात. आत फेकलेले मात्र युरेनस, शनी करत करत गुरूच्या तावडीत सापडतात आणि गुरू त्यांना सूर्यमालेच्या पार बाहेर भिरकावून देतो, ते नेपच्यूनकडे परत येत नाहीत. म्हणजे हिशोब एकाच बाजूला झुकतो, नेपच्यून कोट्यवधी वर्षं थोडा थोडा बाहेर आणि गुरू थोडासा आत. आज जो कायपर पट्टा दिसतो तो ह्या सगळ्या घडामोडींतून उरलेला थोडासा भाग आहे.

हे डोक्यात ठेवून बाकीच्यांच्या कक्षा बघितल्या की प्रत्येकाची कहाणी दिसायला लागते. एरिस ४४ अंशांनी तिरका आणि ५५० हून जास्त वर्षांची फेरी, गोंगगाँग नावाचा गोळा पण तसाच ३४ पासून १०० एककांपर्यंत जाणारा, हे नेपच्यूनने भिरकावलेले, त्यांचा सूर्याजवळचा बिंदू अजूनही कायपर पट्ट्यातच आहे. क्वावारची कक्षा मात्र जवळपास गोल आहे, नेपच्यूनने त्याला फारसं छेडलेलं दिसत नाही.

सेडना ह्यात कुठेच बसत नाही. ज्याला नेपच्यूनने फेकलं तो कितीही लांब गेला तरी परत नेपच्यूनच्या आसपासच यायला हवा, कक्षेचा तो एक भाग बदलत नाही. सेडना ७६ एककांच्या आत येत नाही, म्हणजे नेपच्यूनपासून इतका लांब की नेपच्यूनचा त्याच्याशी काही संबंधच उरत नाही. मग त्याला तिथे कुणी नेलं? एक शक्यता अशी की सूर्य ताऱ्यांच्या एका झुंडीत जन्मला आणि त्यातला एखादा तारा जवळून गेला, त्याने सेडनाची कक्षा ओढली. दुसरी शक्यता म्हणजे अजून न दिसलेला एक मोठा ग्रह, २०१६ मध्ये कॉन्स्टान्टिन बाटिगिन आणि माइक ब्राउन ह्यांनी तसा दावा केला, अशा लांबच्या गोळ्यांच्या कक्षा एका बाजूला गोळा झाल्यासारख्या दिसतात ह्या आधारावर. तो ग्रह अजून कुणाला दिसलेला नाही. २०२५ मध्ये जाहीर झालेला २०१७ ओएफ२०१ हा गोळा, अंदाजे ७०० किलोमीटरचा, जवळपास २५ हजार वर्षांची फेरी, त्याची कक्षा ह्या घोळक्याच्या दिशेशी जुळत नाही, त्यामुळे नवव्या ग्रहाची बाजू थोडी कमकुवत झाली असं मला वाटतं, पण निकाल लागलेला नाही.

आणि इथे तो मघाचा उजेडाचा हिशोब आठवा. सेडना आपल्याला सापडला कारण तो आत्ता त्याच्या कक्षेतल्या जवळच्या टोकाकडे येतोय, २०७६ च्या सुमारास सगळ्यात जवळ असेल. ११ हजार वर्षांतला बहुतेक काळ तो इतका लांब असतो की कुठल्याच दुर्बिणीला दिसला नसता. म्हणजे एक दिसला त्याअर्थी असे न दिसलेले पुष्कळ असणार.

गोल होण्याबद्दल थोडक्यात. वस्तुमान वाढत गेलं की एका टप्प्याला गुरुत्वाकर्षण आतल्या पदार्थाच्या ताकदीवर मात करतं आणि सगळं केंद्राकडे खेचून गोळा होतो. बर्फाळ गोळ्यांसाठी ही हद्द साधारण ४०० किलोमीटर व्यासाच्या पुढे सुरू होते असं आधी धरायचे, पण ४०० ते १००० मधल्या बऱ्याच गोळ्यांची घनता इतकी कमी निघाली की ते आतून पोकळ-सच्छिद्र असावेत, पूर्ण दाबले गेलेलेच नसावेत, असं आता वाटतंय. म्हणून अधिकृत यादी अजून पाचवरच आहे: प्लूटो, एरिस, हाउमिया, माकेमाके आणि मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रह पट्ट्यातला सेरेस. २००८ नंतर कुणाची भर पडलेली नाही. क्वावार, गोंगगाँग, सेडना ह्यांना बहुतेक शास्त्रज्ञ बटुग्रह मानूनच बोलतात.

हाउमियाचा आकार ह्यात वेगळा. तो ३.९ तासांत स्वतःभोवती एक गिरकी घेतो, इतक्या मोठ्या गोळ्यासाठी हा वेग भयंकर आहे, त्यामुळे तो लांबुळका झालाय, लांबी २३०० किलोमीटरच्या आसपास आणि जाडी त्याच्या निम्म्याच्या जवळ. त्याला हिइयाका आणि नामाका हे दोन चंद्र आहेत, एक कडं आहे, आणि त्याच्यासारख्याच कक्षांमध्ये त्याच्याच सारखा स्वच्छ पाण्याचा बर्फ असलेले लहान तुकडे फिरताना सापडलेत. सगळे एकाच मूळ गोळ्यापासून सुटलेले. जुन्या काळी मोठी टक्कर झाली असावी.

इतक्या लांबच्या ठिपक्याची लांबी-रुंदी, कडं वगैरे कळतं कसं हे बरेच जण विचारतात. सगळ्यात भारी पद्धत पिधानाची. बटुग्रह कधीतरी एखाद्या ताऱ्याच्या बरोबर समोरून जातो, तेव्हा तो तारा काही सेकंद विझतो, आणि पृथ्वीवरच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून तो किती किती वेळ विझला हे मोजलं की सावलीचा आकार मिळतो. एरिसचं माप असंच नोव्हेंबर २०१० मध्ये चिलीतल्या दुर्बिणींतून मिळालं. आणि त्यातून कळलं की तो पडलेल्या उजेडापैकी ९६ टक्के परत पाठवतो, ताज्या बर्फासारखा लख्ख. तारा एकदम न विझता हळूहळू मंद झाला तर समजायचं की वातावरण आहे, प्लूटोचं वातावरण १९८८ मध्ये ह्याच पद्धतीने पक्कं झालं. माकेमाकेमागचा तारा २०११ मध्ये झटकन विझला, म्हणजे तिथे प्लूटोसारखं वातावरण नाही. आणि मुख्य गोळ्याच्या आधी-नंतर तारा क्षणभर मिचकला तर कडं! हाउमियाचं कडं २०१७ मध्ये असंच सापडलं. २०२३ मध्ये क्वावारचं कडं जाहीर झालं, त्याने तर सगळ्यांनाच कोड्यात टाकलं, कारण ते साधारण ४१०० किलोमीटरवर आहे, आणि तेवढ्या लांबवरचे तुकडे एकमेकांना चिकटून त्यांचा चंद्र व्हायला हवा होता, तो का झाला नाही ह्याचं सर्वमान्य उत्तर अजून मिळालेलं नाही. नंतर त्याच्या आत दुसरं कडं पण मिळालं.

जवळून बघितलेला मोठा बर्फाळ बटुग्रह मात्र एकच, प्लूटो. न्यू होरायझन्स यान १९ जानेवारी २००६ ला निघालं आणि १४ जुलै २०१५ ला प्लूटोच्या साडेबारा हजार किलोमीटरवरून सुसाट निघून गेलं, थांबायची सोयच नव्हती, सेकंदाला सुमारे १४ किलोमीटर वेग होता, ब्रेक मारायला लागणारं इंधन नेणं शक्य नव्हतं. तिथून संदेश यायला साडेचार तास, आणि डेटा इतक्या मंद गतीने यायचा की त्या एका भेटीतलं सगळं हातात पडायला ऑक्टोबर २०१६ उजाडलं.

जाण्याआधी बऱ्याच जणांना वाटायचं की एवढा लहान आणि एवढा थंड, उणे २३० अंशांच्या आसपास, म्हणजे विवरांनी भरलेला मेलेला गोळा असणार. आणि दिसलं काय तर सुमारे १००० किलोमीटर पसरलेलं स्पुटनिक प्लानिशिया नावाचं नायट्रोजनच्या बर्फाचं मैदान, त्यावर एकही विवर नाही. सूर्यमालेत विवर नसणं म्हणजे पृष्ठभाग कोवळा, इथे १ कोटी वर्षांपेक्षा कमी वयाचा, साडेचारशे कोटी वर्षांच्या गोळ्यावर! मैदानावर १० ते ४० किलोमीटर रुंदीचे बहुकोनी तुकडे दिसतात, फरशा बसवल्यासारखे, आणि ते काय आहे हे समजायला पातेल्यात तापणारं पाणी डोळ्यांसमोर आणा, खालचं गरम पाणी मधून वर येतं, वर थंड होऊन कडेने खाली जातं. नायट्रोजनचा बर्फ तिथल्या थंडीतही मऊ असतो, खालून मिळणाऱ्या थोड्याशा उष्णतेने तो वर्षाला काही सेंटिमीटर अशा वेगाने असाच वर-खाली होत राहतो, आणि साधारण पाच लाख वर्षांत सगळा पृष्ठभाग नवा होतो. जुनी विवरं त्यात गडप.

ती उष्णता कुठून येते? मुख्यतः आतल्या खडकातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांतून, आपल्या पृथ्वीच्या पोटात आहेत तशीच. मैदानाच्या कडेला तेनझिंग आणि हिलरी ह्यांच्या नावाचे डोंगर आहेत, तीन किलोमीटरहून उंच, आणि ते पाण्याच्या बर्फाचे आहेत, त्या थंडीत पाण्याचा बर्फ दगडासारखा कडक असतो. शिवाय तो नायट्रोजनच्या बर्फापेक्षा हलका, त्यामुळे मैदानातल्या काही टेकड्या चक्क तरंगताहेत असं मानतात. वातावरण पृथ्वीच्या एक लाखांश दाबाचं, तरी त्यात धुक्याचे थर आहेत आणि मागून सूर्यप्रकाश आला की ते निळे दिसतात. आणि स्पुटनिक प्लानिशिया शॅरनच्या जवळपास बरोबर उलट्या बाजूला का आहे, ह्याचा विचार करताना बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत असं झालं की बर्फाच्या कवचाखाली पाण्याचा समुद्र असावा, कारण मोठा खड्डा असूनही त्या भागात वस्तुमान जास्त असल्यासारखं वागणं दिसतं. हा अजून अंदाज आहे, पण भक्कम अंदाज.

प्लूटो एकटाच असा असेल का, ह्याचं थोडं उत्तर २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने दिलं. एरिस आणि माकेमाके ह्यांच्यावरच्या मिथेनच्या बर्फात साधा हायड्रोजन आणि जड हायड्रोजन ह्यांचं प्रमाण मोजलं, ते धूमकेतूमध्ये सापडलेल्या आदिम मिथेनशी जुळलं नाही, म्हणजे हे मिथेन सुरुवातीपासून पडून असलेलं नाही, ते गोळ्याच्या आत गरम खडकाजवळ तयार होऊन वर आलं असावं. एरिस आत्ता ९५ हून जास्त एककांवर आहे, तिथे सूर्य हा फक्त एक फार तेजस्वी तारा, तरी त्याच्या पोटात कधीतरी एवढी ऊब होती.

आता पुढचं काम चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेकडून होणार आहे, तिचे पहिले फोटो जून २०२५ मध्ये आले. ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि दक्षिणेकडचं आकाश दर काही रात्रींनी पुन्हा पुन्हा टिपायचं, असं दहा वर्षं. टॉम्बॉने जे दोन प्लेट्स घेऊन केलं तेच, फक्त त्या सगळ्या आकाशावर आणि कॉम्प्युटरने. नेपच्यूनपलीकडचे आज काही हजार गोळे माहीत आहेत, ते अनेक पटींनी वाढतील. माझं स्वतःचं लक्ष त्यात नवीन प्लूटो किती मिळतात ह्याच्याकडे नसेल, सेडनासारखे किती मिळतात आणि त्यांच्या कक्षा कुठल्या दिशांना तोंड करून आहेत ह्याच्याकडे असेल. त्या सगळीकडे विखुरलेल्या निघाल्या तर जुना तारा जवळून गेला असण्याची शक्यता वर येईल, आणि एका बाजूला गोळा झालेल्या निघाल्या तर त्या न दिसलेल्या ग्रहाला आकाशात नेमकं कुठे शोधायचं हेही त्यांच्यावरूनच काढता येईल.